गाडीच्या डॅशबोर्डवरचं घड्याळ बंद पडलंय? मीटर बदलण्याआधी घरच्या घरी हे करून बघा

मोबाइलचं घड्याळ बिघडलं असं आपण कधी ऐकत नाही, पण गाडीच्या डॅशबोर्डवरचं घड्याळ मात्र अनेक गाड्यांत बंद किंवा चुकीचं दिसतं. गॅरेजला विचारलं की बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं, "युनिटच बदलावं लागेल." खरं तर बहुतेक वेळा बिघाड अगदी किरकोळ असतो: एक जळालेला फ्यूज, एक सैल वायर किंवा सोल्डरला गेलेला केसाएवढा तडा.

आजच्या लेखात आपण हे घड्याळ चालतं कसं, लक्षणावरून बिघाड कसा ओळखायचा, घरी काय करता येतं आणि कुठे थांबायचं, हे सगळं क्रमाने बघणार आहोत. मी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचा. आमच्या घरी जुनी, सेकंडहँड घेतलेली हॅचबॅक आहे. तिच्यावर आणि गावातल्या इतर काही गाड्यांवर हे सगळं मी स्वतः करून बघितलंय, त्यामुळे उदाहरणंही तिथलीच देतो.

मोबाइल असताना हे घड्याळ हवंच कशाला?

हा प्रश्न मलाही खूप जण विचारतात. उत्तर सोपं आहे: गाडी चालवताना मोबाइलमध्ये वेळ बघणं महागात पडतं.

हिशोब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. खिशातून मोबाइल काढून, स्क्रीन चालू करून वेळ बघायला दोन सेकंद लागले, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, आणि तीही जवळपास न बघता. आमच्या भागात ऊसतोडीच्या हंगामात रात्री तेर, ढोकी, मुरूड या पट्ट्यातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. अशा रस्त्यावर ३३ मीटर म्हणजे फार झाले.

शिवाय कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गाडी चालवताना मोबाइल हातात धरून वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जातं. डॅशबोर्डवरचं घड्याळ मात्र नजर रस्त्याजवळ ठेवूनच दिसतं. तेवढ्यासाठीच ते तिथे बसवलेलं असतं.

डॅशबोर्डवरचं घड्याळ चालतं कसं?

घड्याळ वेगळं बसवलेलं असेल, तर त्याच्या मागे साधारण चार वायर येतात.

१. सतत करंट देणारी वायर. चावी काढली तरी हिच्यात बॅटरीचे १२ व्होल्ट असतात. घड्याळ वेळ लक्षात ठेवतं ते हिच्या जोरावर.
२. चावी फिरवल्यावर करंट देणारी वायर. हिच्यामुळे आकडे उजळतात.
३. लाइटची वायर. हेडलाइट किंवा पार्किंग लाइट लावली की ही घड्याळाला कळवते, आणि आकडे मंद होतात किंवा मागचा दिवा लागतो.
४. अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर.

आत वेळ मोजायचं काम क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक करतो. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा असा विचित्र का? कारण २ हा आकडा १५ वेळा घेऊन एकमेकांशी गुणला की बरोबर ३२,७६८ येतात. म्हणजे आतल्या चिपने हा आकडा १५ वेळा निम्मा केला की सेकंदाला एक ठोका मिळतो. गाड्यांच्या काही घड्याळांत यापेक्षा वेगवान, सेकंदाला ४१,९४,३०४ कंपनांचा स्फटिक असतो. तिथे २२ वेळा निम्मं करावं लागतं. तत्त्व तेच.

आकडे दोन प्रकारचे दिसतात. राखाडी पाटीवर काळे आकडे म्हणजे एलसीडी. त्याला रात्री दिसायला मागे दिवा लागतो. काळ्या पाटीवर स्वतः चमकणारे निळसर-हिरवे आकडे म्हणजे व्हीएफडी. त्याला वेगळा दिवा लागत नाही. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे आधी बघून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आधी लक्षण ओळखा

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन दिवस नुसतं निरीक्षण करा. अर्धं काम तिथेच होतं.

- घड्याळ पूर्ण बंद, आणि दार उघडल्यावर छताचा दिवाही लागत नाही: फ्यूज गेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.
- गाडी बंद केली की वेळ पुसली जाते आणि पुन्हा १:०० किंवा १२:०० पासून सुरू होते: सतत करंट देणारी वायर घड्याळापर्यंत पोचत नाही.
- फक्त स्टार्टर मारताना वेळ पुसली जाते: बॅटरी कमजोर आहे किंवा टर्मिनल सैल आहे.
- दिवसा दिसतं, रात्री दिसत नाही: एलसीडीच्या मागचा दिवा गेला.
- हेडलाइट लावली की आकडे मंद होतात: हा बिघाड नाहीच! रात्री डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून मुद्दाम केलेली सोय आहे.
- कधी येतं, कधी जातं. खड्ड्यात आपटलं की येतं: आत सोल्डर सुटलेलं आहे.
- चालतं, पण दर महिन्याला मागे किंवा पुढे जातं: स्फटिकाचा गुण आहे, याबद्दल खाली लिहिलंय.
- तारीख एकदम वीस वर्षं मागे: हा जीपीएसचा घोळ, स्क्रू ड्रायव्हरने सुटणारा नाही.

लागणारं साहित्य

मोबाइल (कॅमेरा आणि टॉर्चसाठी), गाडीचं मॅन्युअल, त्याच आकाराचे दोन-तीन फ्यूज, स्टार स्क्रू ड्रायव्हर, साधा डिजिटल मल्टीमीटर, १० नंबरचा पाना आणि ट्रिम उचकटायला प्लास्टिकची पट्टी. पट्टी नसेल तर जुन्या एटीएम कार्डाचाही उपयोग होतो. सोल्डरिंगचं काम निघालं तरच २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न लागेल.

स्टेप १: फ्यूज तपासा

फ्यूज बॉक्स बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ असतो. दुसरा बॉनेटखाली, बॅटरीच्या बाजूला. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. नकाशात 'क्लॉक' असं नाव मिळेलच असं नाही. 'डोम', 'रूम', 'रेडिओ' किंवा 'बॅकअप' अशी नावं शोधा. घड्याळ, छताचा दिवा आणि टेपची मेमरी हे तिन्ही पुष्कळदा एकाच फ्यूजवर असतात. म्हणूनच वर छताच्या दिव्याचा उल्लेख केला.

नकाशाचा आधी फोटो काढा. मग चावी बंद करून फ्यूज बाहेर ओढा आणि मोबाइलची टॉर्च मागून धरून बघा. आतली यू आकाराची पट्टी तुटलेली किंवा काळी पडलेली दिसली, तर फ्यूज गेला. नवा फ्यूज त्याच अँपिअरचा हवा. रंग लक्षात ठेवा:

५ अँपिअर: फिकट बदामी
७.५ अँपिअर: तपकिरी
१० अँपिअर: लाल
१५ अँपिअर: निळा
२० अँपिअर: पिवळा
२५ अँपिअर: पांढरा किंवा पारदर्शक
३० अँपिअर: हिरवा

आमच्या गाडीचं घड्याळ बंद पडलं ते बॅटरी उतरल्यावर ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जम्प स्टार्ट केल्यानंतर. छताचा दिवाही गेला होता. एका गॅरेजवाल्याने पूर्ण मीटर बदलायला सांगितलं होतं. फ्यूज बॉक्स उघडला तर निळा फ्यूज उडालेला. पाच मिनिटांचं काम. पण खरी गोष्ट त्याच्या शेजारच्या खाचेत होती. तिथे फ्यूजच नव्हता! आधीच्या कुणीतरी तांब्याच्या तारेचे दोन-तीन पदर पिळून खाचेत खुपसले होते, आणि आजूबाजूचं प्लास्टिक पिवळं पडून वितळायला लागलं होतं. घड्याळ बंद पडलं नसतं तर तो बॉक्स आम्ही उघडलाच नसता.

मित्रांनो, हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण गावाकडे हा जुगाड सर्रास चालतो. कुणी तार घालतं, कुणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजला गुंडाळतं. फ्यूज हा त्या लाइनमधला मुद्दाम ठेवलेला सगळ्यात कच्चा दुवा असतो. पुढच्या वायरला झेपेल त्यापेक्षा जास्त करंट गेला की वायर तापण्याआधी फ्यूजने जळायचं, एवढंच त्याचं काम. तार घातली की हा कच्चा दुवा निघून जातो. मग कुठे शॉर्ट झालं तर बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर ओतू शकते, आणि फ्यूजऐवजी डॅशबोर्डच्या आतली वायर जळते. गाडीला आग लागायला एवढं कारण पुरे होतं. दहा रुपयांच्या वस्तूसाठी हा धोका घेऊ नका. १५ च्या जागी २० चा फ्यूजही नको.

नवा फ्यूज लगेच पुन्हा उडाला तर तिथेच थांबा. याचा अर्थ कुठेतरी शॉर्ट आहे. एकामागून एक फ्यूज घालत बसण्यात अर्थ नाही, इलेक्ट्रिशियनकडे जा.

स्टेप २: बॅटरी आणि टर्मिनल बघा

फ्यूज चांगला असेल तर मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ उतरलेली समजा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत.

स्टार्टर मारताना व्होल्टेज क्षणभर खाली येतं, १० च्या आसपासही येतं. त्यात काही वावगं नाही. पण बॅटरी म्हातारी असेल तर ते इतकं खाली जातं की घड्याळाची चिप बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि वेळ पुसली जाते. म्हणजे दर सकाळी १:०० दाखवणारं घड्याळ खरं तर सांगत असतं की बॅटरीचे दिवस भरत आलेत. नवी बॅटरी घ्यायची वेळ येण्याआधी मिळालेली ही फुकटची सूचना आहे.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुकटी साचली असेल तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह टर्मिनल काढा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा. परत लावताना उलटा क्रम: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. कारण निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला लागला तर मोठी ठिणगी उडते. गाडीचा टेप कोड मागणारा असेल तर बॅटरी काढण्याआधी कोड जवळ ठेवा.

स्टेप ३: नवा म्युझिक सिस्टिम बसवलाय का?

हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा. "परवापर्यंत घड्याळ ठीक होतं, टेप बदलल्यापासून बिघडलं" अशी तक्रार फार ऐकू येते. बाजारातल्या टेपच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात: पिवळी म्हणजे सतत करंट, लाल म्हणजे चावीचा करंट, काळी म्हणजे अर्थ आणि केशरी म्हणजे लाइट. बसवणाऱ्याने घाईत पिवळी आणि लाल एकत्र पिळून चावीच्या करंटला जोडली, तर गाडी बंद केली की टेपची वेळ आणि सेव्ह केलेली स्टेशनं दोन्ही जातात. अशा वेळी पिवळी वायर वेगळी करून सतत करंट असलेल्या वायरला जोडून घ्यायची. मल्टीमीटरने तपासायचं: चावी काढल्यावरही जिच्यात १२ व्होल्ट दिसतात, ती बरोबर वायर. लक्षात ठेवा, हे रंग टेपच्या वायरींचे आहेत. गाडीच्या स्वतःच्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात.

स्टेप ४: घड्याळ बाहेर काढणे

इथे दोन रस्ते होतात. घड्याळ मीटरच्या आत, म्हणजे स्पीड आणि किलोमीटरच्या सोबत असेल, तर घरी मीटर उघडू नका. त्यात ओडोमीटर असतो, आणि त्याच्या जवळपास छेडछाड झाली की पुढे गाडी विकताना शंका येते. घड्याळ डॅशबोर्डच्या मध्यभागी वेगळ्या छोट्या डबीत असेल तरच पुढे जा.

आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि किमान पाच मिनिटं थांबा. गाडीला एअरबॅग असेल तर तिच्या यंत्रणेत थोडा वेळ करंट साठून राहतो, तो उतरायला हवा. डॅशबोर्डच्या आत पिवळ्या रंगाचे कनेक्टर किंवा पिवळी वेष्टणं दिसली तर ती एअरबॅगची समजा. त्यांना हात लावायचा नाही, मल्टीमीटर तर मुळीच लावायचा नाही.

मग प्लास्टिकची पट्टी घालून ट्रिम हळूच उचला. उन्हात वर्षानुवर्षं तापलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं, म्हणून एका कोपऱ्यावर जोर न देता चारी बाजूंनी थोडं थोडं सैल करा. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. कनेक्टर काढून त्याच्या पिना बघा, हिरवट गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. कधीकधी कनेक्टर काढून परत घट्ट बसवल्यानेच घड्याळ सुरू होतं.

स्टेप ५: ठोकून बघा

तेरच्या माणसाला ही स्टेप वेगळी शिकवावी लागत नाही. संत गोरोबाकाका आमच्याच गावचे. थापटण्याने डोक्यावर थापटून कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं, अशी संतांची परीक्षा त्यांनी घेतल्याची कथा महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. कुंभार मडकं वाजवून बघतो, कारण तडा डोळ्याला दिसत नाही, पण आवाजात कळतो. सर्किटमधल्या तड्याचंही तसंच आहे.

बॅटरी आणि कनेक्टर तात्पुरता जोडून चावी चालू करा, आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने घड्याळाच्या डबीवर हलकेच टकटक करा. आकडे लुकलुकले किंवा क्षणभर आले, तर आत सोल्डर सुटलंय हे नक्की. (मुठीने, टोकाने नाही. आणि हलकेच!) तपासून झालं की चावी बंद करून बॅटरी पुन्हा सोडवा.

सोल्डर का सुटतं? एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी पार जातो. बंद गाडीतला, उन्हात असलेला डॅशबोर्ड त्याहूनही कितीतरी जास्त तापतो आणि रात्री पुन्हा गार होतो. धातू, सोल्डर आणि बोर्ड हे प्रत्येक वेळी वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आकसतात. त्यात खड्ड्यांचे हादरे. दहा-पंधरा वर्षांत पिनेच्या भोवती सोल्डरला गोल चीर पडते. ज्या पार्टमधून करंट जाऊन तो गरम होतो, म्हणजे जाड रेझिस्टर, किंवा जिथे कनेक्टरची ओढ बसते अशा पिना, तिथे हे आधी होतं. चिरलेला जोड चकचकीत न दिसता निस्तेज दिसतो आणि पिनेभोवती बारीक काळी रेघ दिसते. मोबाइलचा कॅमेरा झूम करून किंवा मॅक्रो मोडवर ठेवून बोर्डाचे फोटो काढा. डोळ्यांना न दिसणारी रेघ फोटोत दिसते.

दुरुस्ती सोपी आहे. जोडावर थोडा फ्लक्स लावायचा, तापलेलं टोक दोन-तीन सेकंद टेकवायचं, किंचित नवं सोल्डर द्यायचं आणि न हलवता गार होऊ द्यायचं. तुम्हाला सोल्डरिंग येत नसेल तर घड्याळाची डबी घेऊन सरळ गावातल्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात जा. मोबाइलचा चार्जिंग पॉइंट बदलणाऱ्याला हे काम डाव्या हाताचा मळ आहे. त्याला फक्त एवढंच सांगा, "पार्ट बदलायचा नाही, या पिनांचं सोल्डर नव्याने मारायचंय."

स्टेप ६: रात्री न दिसणाऱ्या घड्याळाचा दिवा

एलसीडी घड्याळाच्या मागे पुष्कळदा एक इवलासा बल्ब प्लास्टिकच्या होल्डरमध्ये असतो. स्क्रू ड्रायव्हरने होल्डर पाव फेरा फिरवला की तो बाहेर येतो. जुना बल्ब दुकानात नेऊन तसाच मागा. एलईडी घातला आणि लागला नाही, तर तो उलटा फिरवून लावून बघा, कारण एलईडीला प्लस-मायनस असतं, साध्या बल्बला नसतं.

स्टेप ७: वेळ अचूक लावा

आता मोबाइलचा खरा उपयोग. सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिक वेळ' चालू असेल, तर तुमचा फोन नेटवर्क किंवा इंटरनेटवरून वेळ घेतो आणि स्वतःला सतत सुधारत राहतो. भारताची प्रमाणवेळ राखण्याचं काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर करते. गाडीच्या साध्या घड्याळाला मात्र कुणी सुधारत नाही. ते एकदा लावलं की स्वतःच्या स्फटिकावर एकटंच चालत राहतं.

बऱ्याच जपानी पद्धतीच्या घड्याळांवर 'एच', 'एम' आणि ':००' अशी तीन बटणं असतात. तिसरं बटण अनेकांना माहीतच नसतं! ९:०१ ते ९:२९ च्या दरम्यान ते दाबलं तर घड्याळ ९:०० वर येतं, आणि ९:३० नंतर दाबलं तर १०:०० वर जातं. म्हणजे मोबाइलवर बरोबर तास भरला की हे बटण दाबायचं, काम झालं.

तरीही वेळ मागे का जाते? साध्या स्फटिकात दहा लाखांत २० इतका फरक चालतो. ऐकायला नगण्य वाटतो, पण दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळजवळ ५२ सेकंद होतात. त्यात ऊन. ३२,७६८ कंपनांचा स्फटिक २५ अंशाच्या आसपास नीट चालतो, त्याहून गरम किंवा गार झाला की मंदावतो. ६० अंशाला तो दहा लाखांत साधारण ४२ ने मागे पडतो. गाडी रोज सहा तास इतकी तापली तर फक्त उन्हामुळे महिन्याला २५-३० सेकंद जातात. गाडी सावलीत लावा, एवढाच यावर उपाय. महिन्याला एक मिनिट फरक म्हणजे घड्याळ खराब नाही. रोज एक मिनिट फरक पडत असेल तर मात्र बिघाड आहे.

जाता जाता एक गंमत. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे. तेर साधारण ७६.१ अंशावर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे तेरचा सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे २५ मिनिटं मागे. घड्याळात दुपारचे १२ वाजले तरी तेरमध्ये सूर्य माथ्यावर यायला सरासरी २५ मिनिटं बाकी असतात. तेव्हा सावली बघून घड्याळ लावू नका!

तारीखच वीस वर्षं मागे गेली तर?

जीपीएसवरून वेळ घेणाऱ्या गाड्यांत हा वेगळाच प्रकार होतो. जुन्या जीपीएस संदेशात आठवड्याचा क्रमांक ० ते १०२३ एवढाच मावतो. १०२४ आठवडे, म्हणजे सुमारे १९.६ वर्षं झाली की तो पुन्हा शून्यावर येतो. असं ऑगस्ट १९९९ मध्ये आणि ६ एप्रिल २०१९ ला झालं. गाडीतल्या सॉफ्टवेअरने हे नीट सांभाळलं नाही तर तारीख मागे उडी मारते. जानेवारी २०२२ मध्ये परदेशातल्या होंडा आणि अक्युराच्या काही जुन्या नेव्हिगेशनवाल्या गाड्यांची घड्याळं अचानक २००२ साल दाखवू लागली. मालकांनी किती बटणं दाबली तरी वेळ टिकेना, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती आपोआप ठीक झाली. अशा बिघाडात डॅशबोर्ड उघडून उपयोग नसतो. सॉफ्टवेअर अपडेट हाच उपाय.

काहीच जमलं नाही तर?

स्टेशनरी किंवा गाडीच्या ॲक्सेसरीच्या दुकानात मिळणारं बटण सेलवरचं छोटं चिकटवायचं घड्याळ घ्या. जागा निवडताना दोन गोष्टी पाळा: एअरबॅगच्या झाकणावर चिकटवू नका, कारण एअरबॅग फुटली तर ते गोळीसारखं उडेल, आणि काचेवर, नजरेच्या आड येईल असं लावू नका. उन्हात एलसीडी काळी पडली तर घाबरू नका, गार झाल्यावर ती बहुधा पूर्ववत होते.

जुना स्मार्टफोन कायमचा डॅशबोर्डवर घड्याळ म्हणून ठेवायची आयडिया मात्र सोडून द्या. आत लिथियमची बॅटरी असते. आयफोनच्या सूचनांतच वापरासाठी ० ते ३५ अंश आणि नुसता ठेवण्यासाठी उणे २० ते ४५ अंश अशी मर्यादा दिलेली आहे. आपल्याकडची उन्हातली बंद गाडी ही मर्यादा सकाळी अकरालाच ओलांडते. बॅटरी फुगणं किंवा पेटणं यापैकी काहीही होऊ शकतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घड्याळामुळे बॅटरी उतरते का?
नाही. समजा घड्याळ ५ मिलीअँपिअर घेतं, तर ३० दिवसांत ३.६ अँपिअर-अवर होतात. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरच्या आसपास असते. म्हणजे एकट्या घड्याळाला ती उतरवायला कित्येक महिने लागतील. आठ दिवसांत बॅटरी उतरत असेल तर चोर दुसराच आहे.

गाडी वॉरंटीत आहे, तरी उघडू का?
फ्यूज बघायला हरकत नाही. त्यापुढे डॅशबोर्ड उघडू नका, सर्व्हिस सेंटरला द्या.

हेच ट्रकला किंवा बसला चालेल का?
तपासायचा क्रम तोच, पण मोठ्या ट्रक-बसमध्ये २४ व्होल्ट असतात. कारचा बल्ब किंवा घड्याळ तिथे लावलं तर लगेच जळेल.

जम्प स्टार्ट करताना फ्यूज का उडतो?
प्लस-मायनस उलटं लागलं किंवा क्लिप निसटून ठिणगी उडाली तर. लाल क्लिप पॉझिटिव्हला, आणि शेवटची काळी क्लिप उतरलेल्या बॅटरीऐवजी इंजिनच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला लावा.

थोडक्यात सांगायचं तर क्रम असा: लक्षण, फ्यूज, बॅटरी, टेपची वायरिंग, कनेक्टर, सोल्डर. पुष्कळ घड्याळं पहिल्या तीन पायऱ्यांतच चालू होतात. आणि तुमचं घड्याळ ठणठणीत चालू असलं तरी एक काम आजच करा. मोबाइलची टॉर्च लावा, स्टिअरिंगखालचं फ्यूज बॉक्सचं झाकण उघडा आणि प्रत्येक खाचेत खरा फ्यूजच आहे ना, हे बघून घ्या. तार किंवा चांदी दिसली, तर गाडी पुढे नेण्याआधी ती काढून योग्य रंगाचा फ्यूज बसवा.